गोव्यातील एकाक्ष प्रेमकवी

मुंबई बेट एकेकाळी वैद्य गार्सिया द ऑर्ता याच्याकडे पट्ट्याने होते, आणि तो सक्तीने ख्रिस्ती केलेल्या यहुदी घराण्यातला होता, हे वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. हिंदी औषधींवरील त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्या ग्रंथाच्या आरंभी एका कफल्लक शिपायाची कविता आहे. हा शिपाई म्हणजे पोर्तुगालचा महाकवी लुईश द कामोंइश, आणि त्याचे छापून आलेले पहिले काव्य ते हेच.

कामोंइशचा जन्म १५२४ च्या सुमाराचा. मोरोक्कोच्या किनाऱ्यावर सेउता येथे लढताना त्याचा एक डोळा गेला. १५५२ साली लिस्बनला राजवाड्यातील एका नोकरास त्याने तलवारीने जखमी केले व तुरुंग भोगला. पुढच्या वर्षी माफी मिळताच तो हिंदुस्थानास निघाला आणि सप्टेंबरात गोव्यास उतरला.

त्या काळी युरोपातील कवींत एक वाद चाले. देहाची ओढ ही खालची पायरी, तिच्यावरून आत्म्याने ईश्वरी सौंदर्याकडे चढावे, असे प्लेटोचे अनुयायी म्हणत. या विषयावर सर्वांत गाजलेला ग्रंथ आपल्याच एका माणसाचा. त्याचे नाव येहुदा अबार्बानेल, तनाखचे भाष्यकार इसहाक अबार्बानेल यांचा पुत्र, जन्म लिस्बनचा. त्याचे प्रेमाविषयीचे संवाद १५३५ साली रोमला इटालियनमध्ये प्रसिद्ध झाले. देहाचे प्रेम व आत्म्याचे प्रेम यांस तो शत्रू मानत नाही. आम्हांस हे फार शहाणपणाचे वाटते.

कामोंइशला मात्र हा प्रश्न जगून सोडवावा लागला. एका सुनीतात तो आधी सिद्ध करतो की, चिंतनाने प्रियकर प्रियेशी एकरूप होतो, मग मागण्यासारखे उरतेच काय? पण शेवटी कबूल करतो की, मनातली ती मूर्ती आकार मागते, जसे द्रव्य रूप मागते. हिंदुस्थानात त्याने बार्बारा नावाच्या सावळ्या दासीवर कविता केली. दासी ती, पण बंदिवान हा! गोऱ्या कातडीचेच गोडवे गाणाऱ्या त्या काळात हे धाडस होते. त्याच्या ‘लुझियाड’ महाकाव्यात (१५७२) थकल्याभागल्या खलाशांसाठी व्हीनस देवता बेटावर अप्सरा धाडते. वर्णन अगदी देहाचे, आणि मग कवी म्हणतो, या अप्सरा म्हणजे कीर्ती व सन्मान! ही सारवासारव की श्रद्धा? आम्हांस वाटते, दोन्ही. १५८४ च्या आवृत्तीवर मात्र धर्माधिकाऱ्यांची कात्री चाललीच.

त्याची सर्वांत थोर कविता आमच्या तेहिल्लीमच्या १३७व्या स्तोत्रावर आहे. बाबेलच्या नद्यांकाठी बसून सियोनच्या आठवणीने रडणारे आपले पूर्वज त्याला आपले सोबती वाटले. प्रथम सियोन म्हणजे त्याचे गेलेले सुख. पुढे मात्र तो सियोनचा अर्थ बदलतो. पृथ्वीवरील रूप ही केवळ छाया, आत्म्याचे खरे माहेर वर आहे, असे तो ठरवतो. परमुलखात राहिलेल्या माणसास हे स्तोत्र कसे भिडते, हे आम्ही वाचकांस काय सांगावे!

१५६७ साली त्याने गोवा सोडले. पैशाअभावी तो मोझांबिकला अडकला. मित्रांनी वर्गणी काढून त्याला सोडविले, तेव्हा १५७० मध्ये तो मायदेशी पोहोचला. महाकाव्याबद्दल राजाने वर्षाला १५,००० रेइश नेमून दिले, तेवढ्यात भागले नाही. १० जून १५८० रोजी तो लिस्बनला वारला. त्याची प्रेमगीते एकत्र छापली गेली ती १५९५ साली. इकडे गोव्यात इन्क्विझिशनने १५६९ मध्ये गार्सियाची बहीण कातारीना हिला जाळले होते, आणि १५८० च्या डिसेंबरात गार्सियाची हाडेही थडग्यातून उकरून जाळली.