बियाण्याच्या पुडीतून आलेला रायडर कप

खारदांड्यातील गच्चीवर दोन कुंड्या मेथी लावणाऱ्याला बियाण्याची छोटी पुडीच पुरते. इंग्लंडमध्ये अशा पुड्या घरोघरी पोहोचवल्या सॅम्युअल रायडर (१८५८–१९३६) यांनी. रोपवाटिकेच्या धंद्यातील घराण्यातले रायडर सेंट अल्बन्स गावातून एका पेनीला पुडी टपालाने विकत. पुड्या शुक्रवारी रवाना होत, म्हणजे शनिवारी अर्धी सुटी मिळणाऱ्या कामगाराच्या हाती बी वेळेवर पडे. वाफसा गेल्यावर आलेले बियाणे काय कामाचे?

अतिश्रमाने प्रकृती ढासळली, तेव्हा पन्नाशीत ते गोल्फकडे वळले. पुढे ब्रिटन-अमेरिकेच्या व्यावसायिक संघांसाठी त्यांनी सोन्याचा चषक दिला. पहिली लढत १९२७ मध्ये अमेरिकेत वूस्टरला झाली, यजमान जिंकले. चषकावरील मूर्ती रायडर यांचे प्रशिक्षक एब मिचेल यांची, पण अपेंडिक्सच्या दुखण्यामुळे त्या लढतीला तेच मुकले.