विश्लेषण : ब्लूटूथ आणि हॉलिवूडच्या अभिनेत्रीचे नाते काय?

खचाखच भरलेल्या डब्यात पन्नास जणांच्या कानात ब्लूटूथ हेडफोन असतात, कुणाचा वाय-फाय हॉटस्पॉटही सुरू असतो. सगळ्यांच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात. तरीही तुमचे गाणे सहसा तुटत नाही. यामागच्या कल्पनेशी हेडी लामार या अभिनेत्रीचे नाव जोडलेले आहे.

कोण होती हेडी?

मूळ नाव हेडविग कीस्लर. जन्म ९ नोव्हेंबर १९१४, व्हिएन्नातील ज्यू कुटुंबात. १९३३ मध्ये ‘एक्स्टसी’ या चित्रपटाने खळबळ उडवली आणि त्याच वर्षी तिचे लग्न शस्त्रास्त्र कारखानदार फ्रिट्झ मांडलशी झाले. घरच्या मेजवान्यांत शस्त्रांच्या गप्पा तिच्या कानावर पडत, असे सांगितले जाते. १९३७ मध्ये ती नवऱ्याच्या जाचातून निसटली, लंडनमध्ये एमजीएमच्या लुई मेयरना भेटली आणि पुढच्याच वर्षी ‘अल्जिअर्स’मधून हॉलिवूडची तारका झाली.

पियानो आणि पाणतीर

सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन पाणबुडीने ‘सिटी ऑफ बनारस’ हे ब्रिटिश जहाज बुडवले. युद्धापासून दूर कॅनडाला पाठवली जात असलेली ७७ मुले त्यात दगावली. जहाजावर भारतीय खलाशीही मोठ्या संख्येने होते. त्याच सुमारास हेडी आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल एका प्रश्नाला भिडले. पाणतीर रेडिओने वळवता येतो. पण शत्रूने नेमक्या त्याच फ्रिक्वेन्सीवर गोंगाट सोडला की तो भरकटतो. मग एका फ्रिक्वेन्सीवर थांबायचेच कशाला?

अँथाइलला आपोआप वाजणाऱ्या पियानोचा अनुभव होता. तशाच छिद्रे पाडलेल्या कागदी गुंडाळ्या जहाजावर आणि पाणतीरात एकाच वेगाने फिरवायच्या, म्हणजे दोघे ठरल्या क्रमाने एकत्र उड्या मारतील. फ्रिक्वेन्सी ८८, पियानोच्या पट्ट्यांइतक्याच! क्रम ठाऊक नसलेल्या शत्रूच्या हाती फार तर एखादा तुकडा लागणार. ११ ऑगस्ट १९४२ रोजी पेटंट मिळाले, तेही ‘हेडी कीस्लर मार्की’ या तिच्या वैवाहिक नावाने. नौदलाने मात्र ही यंत्रणा युद्धात वापरली नाही. हेडी युद्धरोखे विकत फिरली.

आज हे कसे चालते?

मूळ ब्लूटूथमध्ये ७९ वाहिन्या असतात आणि सेकंदाला १,६०० उड्या. शेजारच्या वाय-फायने एखादी वाहिनी अडवली असेल तर ती ओळखून वगळली जाते. जीपीएसची रीत वेगळी. तिथे उड्या नाहीत. एका सांकेतिक क्रमाने संदेश रुंद पट्ट्यावर पसरवला जातो. रिसीव्हर तोच क्रम पुन्हा लावतो, तेव्हा हवा तो संदेश एकवटतो आणि बाहेरचा अडथळा उलट विखुरतो. उरलेला बराचसा गोंगाट फिल्टर गाळतो.

म्हणूनच हेडीला ‘वाय-फायची जननी’ म्हणणारे फॉरवर्ड अतिशयोक्त आहेत. फ्रिक्वेन्सी बदलत राहण्याची कल्पना तिच्याआधीही मांडली गेली होती. तिचे पेटंट खरे, त्यातली युक्ती खरी. तेवढे पुरेसे आहे.

पेटंटची मुदत १९५९ मध्ये संपली, त्याच वर्षी अँथाइलचे निधन झाले. दोघांनाही त्यातून पैसा मिळाला नाही. १९९७ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने दोघांचा गौरव केला, तेव्हा हेडी ८२ वर्षांची होती. १९ जानेवारी २००० रोजी फ्लोरिडात तिचे निधन झाले. अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये तिचे नाव लागले ते २०१४ मध्ये.