आचार्य शांतिसागर

मुलांनो, गोंदिया जिल्ह्यातील कचारगड तुम्हांला माहीत असेल. सालेकसा तालुक्यातील या डोंगरात प्रचंड गुहा आहेत. माघ पौर्णिमेला दूरदूरचे गोंड बांधव डोंगर चढून तेथे दर्शनाला येतात. जैन बांधवांचेही असेच एक पवित्र स्थान डोंगरावर आहे. ते म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील कुंथलगिरी. देशभूषण व कुलभूषण या दोन मुनींना तेथे मोक्ष मिळाला, अशी जैनांची श्रद्धा आहे. आचार्य शांतिसागर या थोर साधूने आपले अखेरचे दिवस याच डोंगरावर घालवले.

शांतिसागरांचा जन्म १८७२ साली बेळगाव जिल्ह्यातील भोज गावाजवळ झाला. त्यांचे मूळ नाव सातगौडा पाटील. घरी शेती होती. शेतात पाखरे दाणे टिपत, तरी सातगौडा त्यांना हाकलत नसत. उलट त्यांच्यासाठी पाणी भरून ठेवत, असे सांगतात. साधू व्हावे असे त्यांना तरुणपणीच वाटे. पण आईवडिलांच्या इच्छेखातर ते घरी राहिले. त्यांची अखेरपर्यंत सेवा केली आणि मगच घर सोडले. १९२० मध्ये त्यांनी दिगंबर मुनीची दीक्षा घेतली. १९२४ मध्ये सांगलीजवळच्या समडोळी गावी त्यांना आचार्यपद मिळाले.

दिगंबर मुनीचे व्रत फार कठीण असते. अंगावर वस्त्र नाही, राहायला घर नाही, गाठीला पैसा नाही. जवळ फक्त मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू. दिवसातून एकदाच, उभे राहून, ओंजळीत जेवायचे. सगळा प्रवास पायी करायचा. पायाखाली मुंगीही चिरडू नये, म्हणून पुढची जमीन नीट पाहून पाऊल टाकायचे. बसण्यापूर्वी पिंछीने जागा हलकेच झाडायची. पावसाळ्यात जीवजंतू फार असतात, म्हणून चार महिने एकाच गावी राहायचे. यालाच चातुर्मास म्हणतात.

हे नियम पाळत शांतिसागर उत्तर भारतापर्यंत पायी फिरले. ताडपत्रांवरील प्राचीन जैन ग्रंथ नष्ट होऊ नयेत, म्हणून त्यांच्या प्रेरणेने ते तांब्याच्या पत्र्यांवर कोरले गेले.

म्हातारपणी त्यांची दृष्टी मंदावली. जमीनच दिसेना, तर जीव कसे वाचवायचे? डोळ्यांबरोबर अहिंसेचे व्रतही जाणार होते. ते मोडून जगणे त्यांना मान्य नव्हते. १४ ऑगस्ट १९५५ रोजी त्यांनी कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली. सल्लेखना म्हणजे आयुष्याच्या अखेरीस, मन शांत ठेवून, क्रमाक्रमाने अन्नपाणी सोडण्याचे जैन व्रत. त्यांच्या दर्शनासाठी हजारो लोक डोंगरावर आले. उपवासाच्या सव्विसाव्या दिवशी त्यांनी लोकांना शेवटचा उपदेश केला. तो मराठीत होता. १८ सप्टेंबर १९५५ रोजी, छत्तिसाव्या दिवशी, त्यांनी देह ठेवला.

प्रत्येक धर्माची उपासना वेगळी असते. शेजाऱ्याची उपासना समजून घेतली, की तिच्याविषयी आदर वाटू लागतो. ज्या माणसाने आयुष्यभर मुंगीलाही वाट दिली, त्याची आठवण आपणही ठेवली पाहिजे.