विश्लेषण : इंग्लंडची हरवलेली गाणी अमेरिकेच्या डोंगरात कशी सापडली? कोण होते सेसिल शार्प?

इंग्लंडमध्ये विस्मरणात चाललेली लोकगीते हजारो मैल दूर, समुद्रापलीकडच्या डोंगरात घरोघरी गायली जात होती. पहिले महायुद्ध सुरू असताना एका दमेकरी इंग्रज संगीतशिक्षकाने ती पायी फिरून टिपून घेतली. अमेरिकेच्या कोणत्या भागात ब्रिटनचा कोणता वारसा टिकला, या प्रश्नाचा अभ्यास आजही सेसिल शार्प यांच्या वह्यांपाशी येऊन थांबतो. त्यांच्या कामाचे मोल मोठे आहे, तशीच त्यांची चूकही मोठी आहे.

कोण होते सेसिल शार्प?

सेसिल जेम्स शार्प यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८५९ रोजी लंडनमध्ये झाला. केंब्रिजमधून शिक्षण घेतल्यावर ते १८८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील अॅडलेडला गेले. तिथे बँकेत आणि न्यायालयात नोकरी केली, पण मन संगीतातच होते. दहा वर्षांनी ते इंग्लंडला परतले आणि संगीतशिक्षक झाले. चाळिशीपर्यंत त्यांचे आयुष्य तसे चारचौघांसारखेच होते.

ते बदलले १८९९ च्या नाताळात. ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन गावात त्यांनी पायात घुंगरू बांधून नाचणारे गावकरी पाहिले. हा पारंपरिक 'मॉरिस' नाच. त्यांनी वादक विल्यम किंबर यांना दुसऱ्या दिवशी बोलावून त्या चाली लिहून घेतल्या. १९०३ मध्ये सॉमरसेटमधील हॅम्ब्रिज गावी पाद्रीमित्राच्या घरी जॉन इंग्लंड नावाचा माळी काम करता करता गाताना त्यांच्या कानी पडला. तेव्हापासून सायकलवरून खेडोपाडी हिंडून गाणी टिपणे हाच त्यांचा ध्यास झाला. मात्र एक गोष्ट त्यांना खात होती. गाणारे बहुतेक जण सत्तरीच्या घरातले होते. त्यांच्या मुलानातवंडांना ती गाणी येत नव्हती.

अमेरिकेच्या डोंगराकडे ते कसे वळले?

महायुद्धामुळे इंग्लंडमधील कामे थांबली. शेक्सपिअरच्या एका नाटकासाठी नृत्ये बसवायला ते न्यूयॉर्कला गेले आणि तिथेच व्याख्याने व शिकवण्यांवर गुजराण करू लागले. १९१५ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये ते आजारी पडले असताना ऑलिव्ह डेम कॅम्पबेल त्यांना भेटायला आल्या. कॅम्पबेल यांचे पती दक्षिणेकडील अॅपलाचिया डोंगररांगांतील समाजाचा अभ्यास करीत होते. त्या फिरतीत, १९०७ मध्ये केंटकीतील एका शाळेत, एका मुलीच्या तोंडून कॅम्पबेल यांनी 'बार्बरा अॅलन' हे गाणे ऐकले होते. लंडनच्या सॅम्युअल पेपिस यांनी १६६६ च्या रोजनिशीत ज्याचा उल्लेख केला, तेच हे गाणे! त्यानंतर कॅम्पबेल यांनी स्वतःच अशी गाणी जमवायला सुरुवात केली होती. तो संग्रह पाहून शार्प यांनी डोंगरात जायचे ठरवले.

इथे एक नोंद आवश्यक आहे. पुढे नाव शार्प यांचे झाले, तरी वाट दाखवली ती कॅम्पबेल यांनी.

डोंगरात काय सापडले?

१९१६ ते १९१८ या तीन वर्षांत शार्प यांनी एकूण ४६ आठवडे नॉर्थ कॅरोलिना, टेनेसी, व्हर्जिनिया, केंटकी आदी राज्यांच्या डोंगराळ भागात काढले. सोबत सहकारी मॉड कार्पेलिस होत्या. शार्प चाल लिहीत आणि कार्पेलिस लघुलिपीत शब्द उतरवत. रस्ते नव्हतेच, ओढ्याच्या पात्रातून मैलोन्मैल चालावे लागे. शार्प यांचे वय ५६, जोडीला दमा. त्यात ते शाकाहारी आणि डोंगरातला स्वयंपाक डुकराच्या चरबीत होणारा. याच काळात मुलगा चार्ल्स युद्धात जखमी झाला. तरीही २८१ गायकांकडून त्यांनी १,६१२ चाली टिपल्या. हॉट स्प्रिंग्ज गावातील जेन जेंट्री या एकट्या बाईंनी त्यांना सुमारे ७० गाणी दिली.

शार्प यांना सर्वाधिक नवल वाटले ते गाणाऱ्यांच्या वयाचे. इंग्लंडमध्ये म्हातारे गात होते, इथे लहान मुलेही गात होती. लॉर्ड, लेडी, किल्ले यांच्या कथा सांगणाऱ्या या दीर्घ गीतांना डोंगरातले लोक साधे नाव देत, प्रेमगीते. ती कुठून आली याची फिकीर कोणाला नव्हती. चूल, शेत, गोठा सांभाळताना ती गायची, एवढेच.

ब्रिटनमधून कोण कुठे गेले?

सगळी अमेरिका एकाच इंग्लंडची लेक नाही. इतिहासकार डेव्हिड हॅकेट फिशर यांनी १९८९ च्या ग्रंथात चार मोठ्या स्थलांतरांची मांडणी केली. पूर्व इंग्लंडमधील प्युरिटन मॅसॅच्युसेट्सला गेले. दक्षिण व पश्चिम इंग्लंडमधील जमीनदार आणि त्यांचे नोकर व्हर्जिनियाला गेले. उत्तर-मध्य इंग्लंडमधील क्वेकर पंथीयांनी पेनसिल्व्हेनिया व डेलावेअर खोऱ्यात वस्ती केली. चौथा प्रवाह उत्तर इंग्लंड, स्कॉटलंडची सीमा आणि आयर्लंडमधील अल्स्टर येथील लोकांचा. साधारण १७१७ ते १७७५ या काळात ते आले. किनाऱ्यालगतची चांगली जमीन आधीच गेलेली असल्याने ते शेननडोहा खोऱ्यातून दक्षिणेकडे सरकत डोंगरात स्थिरावले. या मांडणीतील तपशिलांवर अभ्यासकांत वाद आहेत, पण ढोबळ चित्र समजायला ती उपयोगी पडते.

बोलीत हा फरक आजही ऐकू येतो का?

हो. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनमध्ये शब्दातील 'र' गाळून बोलण्याची पद्धत रूढ झाली. लंडनशी व्यापार असलेल्या बोस्टन, चार्ल्सटनसारख्या बंदरांच्या परिसरातही ती दिसते. डोंगराने मात्र 'र' सोडला नाही. 'इट'ऐवजी 'हिट', 'हेल्प्ड'ऐवजी 'होल्प', 'गोइंग'ऐवजी 'अ-गोइंग' अशी जुनी रूपे तिथे दीर्घकाळ टिकली. पिट्सबर्ग परिसरात 'तुम्ही सगळे' या अर्थाने वापरला जाणारा 'यिन्झ' हा शब्द अल्स्टरकडून आलेल्या बोलीतला मानला जातो.

मात्र अॅपलाचियात शेक्सपिअरच्या काळातील इंग्रजी जशीच्या तशी बोलली जाते, हा समज चुकीचा आहे. कोणतीही जिवंत बोली गोठून राहत नाही. डोंगरातली बोली अनेक ब्रिटिश बोलींच्या मिसळणीतून घडली आणि तिने स्वतःची नवी रूपेही घडवली.

मग शार्प यांचे चुकले कुठे?

शार्प यांना हवा होता शुद्ध इंग्लंडचा ठेवा. मनात हेच धरून गेल्याने त्यांना तेवढेच दिसले. डोंगरातील लोकांना त्यांनी इंग्रज ठरवले. प्रत्यक्षात त्यांत अल्स्टर-स्कॉट वंशाचे लोक मोठ्या संख्येने होते, जर्मन होते, चेरोकी आणि कृष्णवर्णीयही होते. शार्प यांनी स्तोत्रे बहुतांशी बाजूला ठेवली. आफ्रिकेतून आलेल्या गुलामांनी रुजवलेल्या बँजोच्या संगीताला त्यांच्या संग्रहात फारसे स्थान नाही. कृष्णवर्णीय वस्त्या ते टाळत आणि त्यांच्याविषयीची त्यांची खासगी भाषा वंशद्वेषी होती. गंमत म्हणजे १९१८ मध्ये व्हर्जिनियात गुलामीत जन्मलेल्या एका वृद्ध कृष्णवर्णीय बाईंनी त्यांना तेच 'बार्बरा अॅलन' गाऊन दाखवले. शार्प यांनी ते टिपून घेतले, पण त्यातून निघणारा अर्थ त्यांनी मनावर घेतला नाही. गाणे रक्तातून नव्हे, शेजारातून पुढे जाते, हे त्या बाईंच्या गळ्यानेच सिद्ध केले होते.

या चुकीचे परिणाम झाले. अॅपलाचिया म्हणजे केवळ गोऱ्या, इंग्रज वंशाच्या लोकांचा प्रदेश, ही प्रतिमा पक्की झाली आणि तिथल्या कृष्णवर्णीय संगीताची दखल घ्यायला बराच काळ जावा लागला.

त्यांच्या कामाचे महत्त्व आज काय?

दुसरी बाजूही तितकीच खरी. शहरी अमेरिकेच्या लेखी डोंगरातले लोक अडाणी, मागासलेले होते. त्यांना सुधारायला आलेले शिक्षक आणि काही धर्मप्रचारक या गाण्यांना नाके मुरडत. शार्प मात्र त्यांच्या ओसरीवर बसले आणि हे लोक सुसंस्कृत आहेत, त्यांच्याकडून जगाने शिकावे, असे त्यांनी ठामपणे मांडले. कॅम्पबेल यांच्यासह त्यांचा संग्रह १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. २३ जून १९२४ रोजी त्यांचे निधन झाले. कार्पेलिस यांनी १९३२ मध्ये विस्तारित आवृत्ती दोन खंडांत आणली. लंडनमध्ये १९३० साली उघडलेले 'सेसिल शार्प हाऊस' आजही लोकसंगीताचे केंद्र आहे.

१९१७ मध्ये केंटकीतील हिंडमन येथे शार्प यांच्यासमोर गाणाऱ्यांत रिची कुटुंबातील मुली होत्या. त्यांची धाकटी बहीण जीन पुढे नामवंत लोकगायिका झाली. १९५२ मध्ये शिष्यवृत्ती घेऊन ती ब्रिटन आणि आयर्लंडला गेली आणि आपल्या घरातली गाणी तिथल्या कोणाकोणाला येतात, याचा शोध घेत गावोगाव फिरली. शार्प ज्या वाटेने आले होते, त्याच वाटेने आता डोंगरातली मुलगी उलट निघाली होती.