गलगंडाचं ऑपरेशन सोपं करणारे, अन् स्वतःची चूक जगाला सांगणारे डॉ. कोखर

विष्णुपुरी (ता. नांदेड), वार्ताहर : येथील सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत उभं राहिलं की थायरॉईड हा शब्द हमखास कानावर पडतो. गावोगावच्या कितीतरी बाया सकाळी चहाच्या आधी उपाशीपोटी एक बारीक गोळी घेतात. आमच्याही घरात ती डबी आहे. या गोळीच्या मागं एका स्वीस सर्जनची मोठी गोष्ट आहे. त्यांचं नाव थिओडोर कोखर.

कोखर यांचा जन्म १८४१ साली बर्न शहरात झाला. तो सगळा डोंगराळ मुलूख. तिथल्या मातीत अन् पाण्यात आयोडीन फार कमी, म्हणून गळ्याला मोठमोठ्या गाठी येणारे लोक घरोघरी. आपल्याकडं याला गलगंड म्हणतात, सुश्रुतसंहितेतही हे नाव आहे. गाठ वाढली की श्वास कोंडायचा. पण ऑपरेशनची भीती त्याहून मोठी, कारण गळ्यात रक्तवाहिन्यांचं जाळं, अन् रक्त थांबत नसे.

१८७२ साली कोखर बर्नमध्ये सर्जरीचे प्राध्यापक झाले. त्यांचा हात घाईचा नव्हता. एकेक रक्तवाहिनी चिमट्यात धरून, बांधून, मगच पुढं. स्वच्छताही कडक. सुरुवातीला शंभरात दहाच्या वर रुग्ण दगावत, ते प्रमाण शेवटी दोनशेत एकावर आलं. आयुष्यात त्यांनी अशी पाच हजारांच्या आसपास ऑपरेशनं केली.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. १८७४ साली त्यांनी अकरा वर्षांच्या एका मुलीची गाठ पूर्ण ग्रंथीसकट काढली. जखम भरली, पोरगी घरी गेली. काही वर्षांनी कळलं की तिची वाढच खुंटली, चेहरा सुजला, बुद्धी मंदावली. धाकटी बहीण मात्र चांगली वाढलेली. कोखर यांना चैन पडेना. त्यांनी पूर्ण ग्रंथी काढलेल्या जुन्या रुग्णांना परत बोलावलं. १८ जण तपासले, त्यातले १६ असेच थंड, सुस्त, सुजलेले निघाले. जिनिव्हाच्या रेव्हर्डिन यांनाही हेच दिसलं होतं.

दुसरा असता तर गप्प बसला असता. कोखर यांनी १८८३ साली बर्लिनला सर्जनांच्या सभेत हे सगळं उघड मांडलं. साधा गलगंड असेल तर ग्रंथी पूर्ण काढायची नाही, थोडी ठेवायची, असं त्यांनी ठरवलं.

यातूनच डॉक्टरांना कळलं की ही ग्रंथी शरीराला लागतेच. मग १८९१ साली इंग्लंडच्या डॉ. मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क एका बाईला टोचला. ती सुधारली अन् पुढं २८ वर्षं जगली. आजची गोळी मेंढीपासून नाही, कारखान्यात बनते. पण काम तेच, शरीरात जे कमी पडतंय ते रोज भरून काढणं. बरं वाटलं म्हणून मनानंच गोळी सोडणारे गावात बरेच आहेत. सोडायची की कमी करायची, ते रक्त तपासून डॉक्टरच ठरवतात.

१९०९ साली कोखर यांना नोबेल मिळालं, सर्जनला मिळालेलं पहिलंच. स्वित्झर्लंडमध्ये आयोडीनचं मीठ आलं १९२२ साली. ते बघायला कोखर नव्हते, जुलै १९१७ मध्येच बर्नला त्यांचं निधन झालं होतं. टोकाला दात असलेला त्यांचा चिमटा मात्र ऑपरेशन थिएटरमध्ये अजूनही त्यांच्याच नावानं मागतात.