शितावरून भाताची परीक्षा

निवडणूक जवळ आली की टीव्हीवर आकड्यांचा पाऊस सुरू होतो. याला इतक्या जागा, त्याला तितक्या. मग घरोघरी वाद, की हे खरं धरायचं का? हा आकड्यांचा उद्योग जगाला शिकवला अमेरिकेच्या जॉर्ज गॅलप यांनी. आणि त्यांच्या निवडणूक-अंदाजांची सुरुवात झाली चक्क सासूबाईंपासून!

गॅलप यांचा जन्म १९०१ सालचा, आयोवा राज्यातल्या जेफर्सन गावचा. लहानपणी दूध विकून त्यांनी स्वतःचा खर्च भागवला. पुढे डॉक्टरेटला विषय घेतला, लोक वर्तमानपत्रात नेमकं काय वाचतात? नुसतं विचारलं तर माणूस शोभेल तेच उत्तर देतो. गॅलप वाचकासमोर अख्खा अंक उघडून बसत आणि पान न् पान विचारत. तेव्हा कळलं, की गंभीर बातम्यांपेक्षा चित्रं आणि व्यंगचित्रंच जास्त पाहिली जातात!

१९२५ साली ओफेलिया मिलर यांच्याशी लग्न झालं. ओफेलियाच्या आई ओला बॅबकॉक मिलर. पत्रकार असलेले यजमान १९२७ साली गेले. १९३२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने ओलाबाईंना आयोवाच्या ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ पदासाठी उभं केलं. राज्य रिपब्लिकनांचा बालेकिल्ला, त्यामुळे त्या जिंकतील असं कुणाला वाटत नव्हतं. जावईबापूंनी सासूबाईंसाठी लोकांचा कौल घेतला. बाई जिंकल्या, आयोवात त्या पदावर आलेल्या पहिल्या महिला ठरल्या. रस्त्यांवरचे अपघात बघून त्यांनी महामार्गाचं गस्तीपथकही सुरू केलं. (खरं तर त्यांच्यावर वेगळा लेख व्हायला हवा.)

१९३५ मध्ये गॅलप यांनी स्वतःची संस्था काढली. १९३६ ला रूझवेल्ट विरुद्ध लँडन अशी लढत होती. ‘लिटररी डायजेस्ट’ या नामांकित साप्ताहिकाने तब्बल एक कोटी लोकांना पत्रं धाडली. सुमारे तेवीस लाख उत्तरं आली आणि त्यावरून लँडन जिंकणार असं छापलं. गॅलप यांनी त्या मानाने मूठभर लोकांना विचारून रूझवेल्ट म्हटलं, आणि तेच निवडून आले. साप्ताहिकाने नावं घेतली होती टेलिफोनच्या डिरेक्टरीतून आणि मोटारींच्या नोंदींतून. मंदीच्या काळात फोन आणि मोटार कुणाकडे? खात्यापित्या घरांत. आपण नाही का, भात शिजला का ते एका शितावरून ओळखतो? पण पातेलं आधी ढवळलेलं हवं, नाहीतर वरचं शीत मऊ आणि खाली करपलेलं! आणि हेही सांगायला हवं, की गॅलप यांचा विजेता बरोबर आला तरी मतांची टक्केवारी पाच-सहा टक्क्यांनी चुकलीच होती.

पातेलं न ढवळण्याची चूक त्यांच्याकडूनही झाली. तीस-चाळीसच्या दशकांत त्यांच्या पाहण्यांत सुमारे दोन तृतीयांश पुरुषच असत. बायका मतदानाला कमी जातात आणि गेल्याच तर नवरा सांगेल तिथे शिक्का मारतात, असा त्यांचा हिशेब. ज्यांच्या सासूबाई स्वतः निवडणूक जिंकल्या त्यांनी हे धरून चालावं, याला काय म्हणावं?

मोठा फटका बसला १९४८ ला. ड्यूई जिंकणार, असं गॅलप यांनी सांगितलं आणि आले ट्रूमन! इतके पुरुष, इतक्या बायका, इतके गरीब गाठा, एवढंच प्रश्न विचारणाऱ्याला सांगितलेलं असे. दार कुणाचं ठोठवायचं ते तोच ठरवी. साहजिकच तो सोयीची, बऱ्यापैकी घरं निवडी. शिवाय मतदानाच्या बरंच आधी विचारणं थांबवलं, आणि लोकांचं मन तर शेवटपर्यंत बदलत होतं. आपल्याकडे २००४ आणि २०२४ च्या लोकसभेला अंदाज असेच आपटले.

गॅलप खचले नाहीत. घरं आणि भाग चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडण्याची पद्धत त्यांनी आणली. राजकीय पक्षांचे पैसे घेऊन पाहणी करायची नाही, हा नियम मात्र आधीपासूनच कटाक्षाने पाळला. त्यामुळे कुठलाही आकडा दिसला की पैसे कुणी दिले, विचारलं कुणाला आणि कधी, एवढं तरी आपण बघावं.

१९८४ साली, ८२ व्या वर्षी स्वित्झर्लंडमध्ये हृदयविकाराने ते गेले. २०१२ साली त्यांच्या संस्थेने रॉम्नी किंचित पुढे दाखवले आणि जिंकले ओबामा. २०१६ च्या निवडणुकीत अध्यक्ष कोण होणार, याचा अंदाज गॅलप यांच्या नावाच्या संस्थेने दिलाच नाही.