मेई लानफांग

बालगंधर्वांच्या शालूची आणि पदराची वर्णने आपण घरोघरी आजीच्या तोंडून ऐकली आहेत. म्हणून ही चिनी नटाची हकीगत आपणांस परकी वाटणार नाही.

मेई लानफांग यांचा जन्म पेकिंग येथे १८९४ साली झाला. आजोबा स्त्रीभूमिकांसाठी नावाजलेले; वडील मात्र मुलगा लहान असतानाच वारले. मुलगा दिसायला सामान्य, नजर मंद. पहिल्या गुरुजींनी तर हा नट व्हायचा नाही म्हणून शिकवणेच सोडले! मुलाने कबुतरे पाळली. लांब बांबूने ती उडवायची आणि दिसेनाशी होईपर्यंत त्यांच्यावर दृष्टी लावायची. नजर चपळ झाली, हातही बळकट झाले. १९०४ साली तो रंगभूमीवर आला आणि विशीतच देशभर गाजला.

१९३० साली त्यांनी आपली मंडळी अमेरिकेला नेली. तेथे मंदीचे दिवस. शिवाय झांजांचा कल्लोळ, उंच पट्टीचे गाणे, रिकामा रंगमंच. परक्याला त्यात काय कळणार? मेईंनी कलेला धक्का लावला नाही. लांबलचक नाटकांऐवजी निवडक प्रवेश आणि नृत्ये ठेवली आणि सू योंग नावाची हवाई बेटांत जन्मलेली चिनी तरुणी प्रत्येक प्रवेशाआधी इंग्रजीत त्याचा अर्थ सांगे. न्यूयॉर्कमध्ये खेळ आठवडेच्या आठवडे चालले. या यशात त्या तरुणीचा वाटा आहे, हे आपण तरी विसरू नये. पुढे १९३५ साली मॉस्कोत ब्रेश्त यांनीही त्यांचा अभिनय पाहिला.

१९४१ च्या अखेरीस हाँगकाँग जपान्यांच्या हाती पडले. मेई तेथेच होते. शत्रूपुढे नाचायचे नाही, म्हणून त्यांनी मिशी वाढवली. स्त्रीवेषाच्या नटाने मिशी ठेवायची म्हणजे काय, ते सांगायला नको. पुढे शांघायला आल्यावरही बोलावणी येत. ती टाळण्यासाठी टायफॉइडची लस टोचून घेऊन त्यांनी मुद्दाम ताप आणवला. घरखर्च चित्रे विकून चालला. नटाची उमेदीची वर्षे अशी गेली. १९४५ साली जपान हरला, तेव्हा मिशी काढून पन्नाशीचे मेई पुन्हा नायिका म्हणून उभे राहिले.

१९६१ साली ते वारले. पूर्वी तेथे स्त्रियांना पुरुषांबरोबर रंगमंचावर येण्याची बंदी होती. मेईंनी मात्र मुलींनाही शिष्या केले. मुलगा मेई बाओजिऊ यांनी २०१६ पर्यंत वडिलांची परंपरा चालवली. आज त्यांच्या नायिका बहुतेक स्त्रियाच रंगवतात.